शेऱ्याचा रकाना

प्रत्येक शाळेत एक जडवस्तू नोंदवही असते. कार्यालयात तिला सगळे 'डेड स्टॉक' म्हणतात. लांबट, जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेली ही वही बहुधा कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात असते. तीत बाकांपासून घंटेपर्यंत सर्व वस्तूंची नावे, खरेदीचा दिनांक, किंमत, देणगी असल्यास दात्याचे नाव आणि सर्वांत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. वस्तू चालू आहे तोवर हा रकाना कोरा राहतो. ती मोडली, निकामी झाली किंवा कालबाह्य ठरली की तेथे लाल शाईने 'निर्लेखित' हा शब्द उमटतो आणि मुख्याध्यापकांची सही झाली की कागदापुरती ती वस्तू संपते. कागदाबाहेर ती कोठे जाते, हे लिहिण्याची पद्धत नाही.

संस्थेच्या स्थापनेचा, वाढीचा आणि दात्यांच्या औदार्याचा इतिहास या स्मरणिकेत अधिकारी मंडळींनी लिहिला आहेच. आम्हां तिघांच्या, म्हणजे संगणक शिक्षक, कार्यालयीन लिपिक आणि वसतिगृह अधीक्षक यांच्या वाट्याला गेल्या वर्षी जे काम आले ते या शेवटच्या रकान्याचे होते. संगणक कक्षातील बिघडलेल्या मॉनिटरांचे काय करायचे ते ठरवून एका पानाचा अहवाल द्यावा, असा ठराव झाला आणि आमची निर्लेखन समिती बनली. अहवाल दिला. त्या एका पानात जे मावले नाही ते येथे लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले.

प्रथम वस्तूंची मोजदाद सांगणे भाग आहे. कक्षात सोळा सपाट पडद्यांचे मॉनिटर होते. एका कार्यालयाने आपली यंत्रे बदलली तेव्हा, २०१४ साली, ते देणगी म्हणून आले. पाठीवरच्या चिठ्ठ्यांवर उत्पादनाचे वर्ष २००८ आहे. प्रत्येकावर आम्ही पांढऱ्या रंगाने क्रमांक घातलेले आहेत. सोळांपैकी पाच बंद होते. शिवाय माळ्यावर जुने, मोठ्या पाठीचे, काचेच्या नळीचे सहा मॉनिटर गोणपाटाखाली पडून होते. एकेक उचलायला दोन माणसे लागतात, म्हणून बरीच वर्षे त्यांना कोणी उचलले नव्हते.

पाचांपैकी सात क्रमांकाच्या मॉनिटरचा आजार चमत्कारिक होता. बटण दाबले की चित्र येई, दोन सेकंद टिके आणि पडदा काळा होई. बारीक हिरवा दिवा मात्र जळतच राही. नववीतल्या एका मुलाने एकदा दिवे गेले असताना या काळ्या पडद्यावर तिरपा बॅटरीचा झोत टाकला आणि आम्हांला हाक मारली. झोताच्या वर्तुळात, पाण्याखाली दिसावे तसे, अंधुक चित्र होते. अक्षरे होती, खिडक्या होत्या, उंदराचा बाण हलत होता. (संगणक 'यूपीएस'वर चालू होता, हे जाणकारांच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.)

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सपाट पडदा स्वतः उजेड देत नाही. द्रवस्फटिकांचा थर फक्त उजेड अडवतो किंवा सोडतो. उजेड येतो तो मागून, आणि त्या काळच्या मॉनिटरांत तो पेन्सिलीच्या शिशाहून थोड्या जाड अशा बारीक नळ्यांतून येत असे. ट्यूबलाइटचीच ही धाकटी भावंडे. त्यांना पेटवायला शेकडो व्होल्टांचा दाब लागतो आणि तो 'इन्व्हर्टर' नावाची छोटी पट्टी तयार करते. एखादी नळी दगावली किंवा पट्टीला मिळणारा पुरवठा अडखळला, की सुरक्षिततेसाठी ती सगळ्याच नळ्या विझवते. म्हणजे सात क्रमांकाचा मॉनिटर आंधळा झाला नव्हता. त्याला जे दिसत होते ते आपल्याला दाखवायला त्याच्याजवळ उजेड नव्हता.

आम्ही तो राजारामपुरीतल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने न उघडताच सांगितले, "सर, कशाला नादाला लागताय? चौदाशे घेईन, पण ग्यारंटी काय देणार नाही. त्यात थोडी भर घाला, साडेसहा हजारात नवा घेऊन जावा." त्याचे म्हणणे वरवरचे वाटले तरी अप्रामाणिक नव्हते. कारागिराच्या तासाला मोल आहे. पंधरा वर्षांच्या यंत्राचा एक भाग बदलला की दुसरा कधी जाईल, हे त्याला सांगता येत नाही आणि गिऱ्हाईक परत आले की शिव्या त्यालाच बसतात. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त झाला तर वस्तू टाकावी, असा एक व्यवहारी ठोकताळा आहे. या हिशेबाने पाहिले तरी मॉनिटर टाकावा असे निघत नव्हते, पण ठेवावा असेही ठामपणे निघत नव्हते.

विजेचाही हिशेब करून पाहिला, कारण नवी यंत्रे वीज कमी खातात असे एका सभासदाचे म्हणणे पडले आणि ते खरेच आहे. आमचा जुना पडदा नव्यापेक्षा सुमारे वीस वॅट जास्त घेतो. दिवसाला पाच तास आणि वर्षाला दोनशे दिवस धरले तर वीस युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला दोनशे रुपये. एवढ्या बचतीतून नव्या पडद्याची किंमत वसूल व्हायला आज नववीत असलेल्या मुलाची नातवंडे शाळेत यावी लागतील.

इतके सगळे आकड्यांचे काम होते आणि ते एका पानात बसले असते. पण बैठकीत आकड्यांच्या पलीकडचा विषय निघाला.

आमच्या ज्येष्ठ विश्वस्तांना सगळी शाळा 'आबा' म्हणते. त्यांचे शिक्षण कोल्हापुरातल्याच वसतिगृहात झाले. विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणून हे शहर ओळखले जाते आणि १९०८ साली राजर्षी शाहू महाराजांच्या काळात येथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले, हे आबा प्रत्येक नव्या तुकडीला स्वतः सांगतात. दुरुस्तीचा प्रस्ताव त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "माझ्या आईनं मढ्यावरचं लुगडं धुऊन नेसलंय. ते फाटल्यावर त्याचंच पटकूर आमच्या अंगावर आलं. दुसऱ्यानं वापरून टाकलेलं आम्ही लई घेतलं. ही पडदे देणारी माणसं चांगली आहेत, माझं त्यांच्याबद्दल काय म्हणणं नाही. पण उतरलेलं ते उतरलेलंच. आता त्याला ठिगळ लावून पोरांच्या पुढ्यात ठेवायचं?"

सभागृहात कोणी बोलले नाही. ज्याला हा इतिहास पुस्तकातून माहीत आहे त्याने, ज्याच्या अंगावरून तो गेला आहे त्याला काय उत्तर द्यावे? मेलेल्यांची वस्त्रे आणि फुटकी भांडी हे ज्यांचे शास्त्रोक्त लेणे ठरविले गेले, त्यांच्याविषयीचे नियम मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहेत. तेच पुस्तक बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडण्याचे आवाहन केले होते. त्यामागे आरोग्याचा विचार होता, तसा त्याहून खोल असा स्वाभिमानाचा विचार होता. जे दुसऱ्याने टाकले त्यावर जगायचे नाही. या दृष्टीने पाहिले तर आबांचा आक्षेप मॉनिटरवर नव्हताच. दान म्हणून येणाऱ्या वस्तूंच्या संपूर्ण परंपरेवर होता, आणि शाळेच्या दारात अधूनमधून येऊन पडणारी फाटकी पुस्तके, बिनचाकांच्या खुर्च्या आणि मुदत संपलेल्या औषधांची खोकी पाहिलेल्या कोणालाही तो अनाठायी वाटणार नाही.

आमच्या समितीतही एकमत नव्हते. लिपिक आबांच्या बाजूच्या होत्या. संगणक शिक्षकांना यंत्र उघडून पाहण्याची उत्सुकता होती, आणि उत्सुकता हा निष्पक्षपातीपणा नव्हे. अधीक्षक रोज संध्याकाळी मुलांबरोबर त्रिशरण-पंचशील घेतात आणि विनयपिटकाचे वाचन करतात. त्यांनी पुढच्या बैठकीत एक नियम काढून आणला. त्याने आमच्या विचाराची दिशा बदलली, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

भिक्खूंच्या नियमांत निस्सग्गिय पाचित्तिय नावाचा एक वर्ग आहे. त्यातला बाविसावा नियम भिक्षापात्राविषयी आहे. ज्याच्या पात्राला पाचांहून कमी सांधे आहेत, त्याने नवे पात्र मागून घेतले तर तो दोष ठरतो. ते नवे पात्र त्याने संघापुढे ठेवायचे. मग ते स्थविरांपासून सुरू करून क्रमाने प्रत्येकाला दाखवायचे. ज्याला ते हवे त्याने घ्यायचे आणि आपले पुढे द्यायचे. शेवटी जे सर्वांत नकोसे पात्र उरेल ते त्या मागणाऱ्या भिक्खूला मिळते आणि फुटेपर्यंत हेच वापर, असे त्याला सांगितले जाते. चार सांधे म्हणजे दुरुस्ती, पाचवा झाला की नवे मागायला मोकळीक. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी 'दुरुस्त करावे की टाकावे' या प्रश्नाला आकड्यात उत्तर दिले होते. आमच्या व्यवहारी ठोकताळ्यापेक्षा ते जास्त स्पष्ट आहे.

परंतु या नियमाची खरी गंमत त्याच्या कारणात आहे. विनयपिटक प्रत्येक नियमाआधी त्याची हकिकत सांगते. शाक्यांच्या कपिलवस्तूत एका कुंभाराने, ज्यांना हवी त्यांना मी पात्रे देईन, असे भिक्खूंना सांगितले. भिक्खू मागत सुटले. लहान पात्र असलेल्यांनी मोठे मागितले, मोठे असलेल्यांनी लहान मागितले. कुंभाराला विकण्यासाठी दुसरी भांडी घडवायला सवड उरेना. त्याचा निर्वाह चालेना, बायकामुलांची आबाळ झाली आणि लोक कुरकुरू लागले. तेव्हा तथागतांनी आधी पात्र मागण्यालाच बंदी केली. पुढे ज्याचे पात्र फुटले किंवा हरवले त्याला मुभा दिली. मग बारीकसा तडा दाखवून नवे मागणारे निघाले, तेव्हा पाच सांध्यांची मर्यादा आली.

म्हणजे हा काटकसरीचा नियम नाही. भिक्खूने फाटके-तुटके वापरून कष्ट सोसावेत, असा त्याचा रोख नाही. एकाच्या नव्या पात्राचा भार दुसऱ्या कोणाच्या घरावर पडतो आणि त्या घराकडे मागणाऱ्याची पाठ असते. नियम त्या कुंभारासाठी आहे.

आबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच विचारले, "बरं. मग आपला कुंभार कोण?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला फार लांब जावे लागले नाही. पालक मेळाव्याला येणारे एक गृहस्थ हातगाडीवर भंगार गोळा करतात. माळ्यावरचे मॉनिटर विकायचे झाले तर काय भाव येईल, असे लिपिकांनी त्यांना सहज विचारले. ते म्हणाले, भाव मॉनिटरचा नसतो, आतल्या तांब्याचा असतो. नळीच्या गळ्याभोवती तारांचे वेटोळे असते, त्यासाठी गळा फोडायचा. आवाज मोठा होतो, म्हणून वरून गोणपाट टाकायचे. बाकीच्या तारांचे प्लास्टिक जाळून तांबे मोकळे करायचे. काचेला कोणी विचारत नाही, ती ओढ्याकाठी टाकायची. हे काम कोण करते, असे विचारल्यावर त्यांनी थोडे थांबून सांगितले की, सुट्टीत पोरे हाताशी असतात. त्यांचा मुलगा व्हरांड्याच्या टोकाला पाठ करून उभा होता. आमच्याच वसतिगृहातला.

त्या काचेत काय असते हे ठाऊक असणे आवश्यक आहे. जुन्या मॉनिटरची नळी पुढून जाड काचेची आणि मागे नरसाळ्यासारखी असते. आत निर्माण होणारे क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून या नरसाळ्याच्या काचेत शिशाचे ऑक्साइड घालतात आणि त्याचे प्रमाण तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. वापरणाऱ्याला त्याचा काही त्रास नाही. काच फुटली, तिचा भुगा झाला, ती माती-पाण्यात गेली की प्रश्न सुरू होतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक आहे आणि रक्तातली त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. सपाट पडद्यांच्या बारीक नळ्यांत पारा असतो, तो काही मिलिग्रॅमच, पण फुटल्यावर तोही श्वासात जाणारच.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने धोक्याची त्रेचाळीस फुटांची पातळी ओलांडून राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर मजल मारली आणि पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, ते आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. पाणी ओसरल्यावर सखल भागांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्यांचे, कपाटांचे, दूरदर्शन संचांचे ढीग लागले होते. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच झाले. ते ढीग उचलले गेले आणि शहर स्वच्छ झाले, असे आपण म्हणतो. ढिगातले उपयोगी ते निवडून नेणारी माणसे कोण होती, आणि त्यांनी ते कोणत्या अंगणात बसून फोडले, हे आठवून पाहावे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातला पाव हिस्सासुद्धा रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. उरलेला कोठे जातो याचे उत्तर जागतिक अहवालापेक्षा आमच्या व्हरांड्यात जास्त स्पष्ट मिळाले.

आबांनी सांगितलेले लुगडे आणि ही काच एकाच वाटेने प्रवास करतात, हे आमच्या ध्यानात आले ते असे. वरच्यांनी टाकायचे, खालच्यांनी उचलायचे. आम्ही दात्याचे उतरलेले नको म्हणून मॉनिटर भंगारात दिले असते, तर ते शाळेच्या पुढच्या दाराने जाऊन मागच्या दाराने, सुट्टीच्या दिवसांत, आमच्याच मुलाच्या हाती पडले असते.

यावर आबांचे म्हणणे मावळले नाही, आणि मावळायला नकोही होते. पांसुकूल, म्हणजे धुळीतून उचललेल्या चिंध्यांचे चीवर, घालणे आणि मढ्यावरचे लुगडे नेसावे लागणे यांत कापडाचा फरक नाही. फरक आहे तो निवडीचा. भिक्खूला दुसरा मार्ग मोकळा होता, आबांच्या आईला नव्हता. म्हणून आम्ही अहवालात दोन गोष्टी जोडून मांडल्या. संस्थेने स्वतःच्या निधीतून चार नवे पडदे घ्यावेत, म्हणजे मुलांपुढे निवड राहील. आणि जे दुरुस्त होण्यासारखे आहे ते येथेच, मुलांच्या डोळ्यांदेखत दुरुस्त व्हावे, म्हणजे ते नुसते वापरायचे राहणार नाही, समजायचेही राहील. माळ्यावरच्या काचेच्या नळ्यांना मात्र कोणी हात लावू नये. बंद केल्यावरही त्यांच्या आत वीस-पंचवीस हजार व्होल्टांचा भार राहू शकतो. ते शिकण्याचे साहित्य नव्हे.

यंत्र उघडून पाहण्याची खोड कोल्हापूरला जुनीच आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास दामल्यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा याच गावात घडविला. विलायती यंत्राची रचना समजून घेऊन, स्थानिक कारागिरीतून तो उभा राहिला आणि त्यानंतर १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. शिवाजी उद्यमनगरात आजही एखाद्या लेथवर पाटी नसलेला माणूस, जो भाग बाजारात मिळत नाही तो कातून देतो. कोल्हापुरी पायताणाचा तळ झिजला तर गावात ते टाकत नाहीत, तळ बदलतात. पडद्याच्या बाबतीत मात्र आपण इतके हतबल का होतो, याचे कारण यंत्राच्या अवघडपणात कमी आणि त्याच्या पाठीवर स्क्रू दिसत नाहीत यात जास्त असावे. झाकण खटक्यांवर बसवलेले असते. कोठून उघडायचे तेच कळू नये, अशीच ती रचना.

एका रविवारी आमचा एक माजी विद्यार्थी आला. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम करून तो गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. मुले त्याच्याभोवती जमली. त्याने प्रथम प्लग काढून ठेवला आणि अर्धा तास काहीच केले नाही. मुले कंटाळली. मग त्याने सांगितले की, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. जुन्या बँकेच्या कार्डाचा तुकडा फटीत सारून त्याने कडेकडेने खटके सोडविले. झाकण निघाले. आत हिरवी पट्टी होती आणि तिच्यावर उभ्या डब्यांसारखे कपॅसिटर. "बघा, ह्यातला कुठला आजारी आहे?" त्याने विचारले. दोन-तीन बोटे एकदमच पुढे आली. चार डब्यांची टोपी सपाट होती, तिघांची मधोमध फुगून वर आली होती. त्यांच्या आतला द्रव उष्णतेने वर्षानुवर्षे आटत जातो, वायू धरतो आणि अखेर पुरवठा स्थिर ठेवण्याची त्यांची शक्ती संपते. दोन सेकंदांनी उजेड विझत होता तो यांच्यामुळे.

नवे तीन कपॅसिटर, हजार मायक्रोफॅरड, पंचवीस व्होल्ट, त्याने येतानाच आणले होते. एकेक पंधरा रुपयांचा. सोल्डरिंग आयर्नचा डाख सुटताना आलेला राळेचा वास कक्षात संध्याकाळपर्यंत होता. ऋण बाजूची पट्टी कोठे यावी हे त्याने दोनदा तपासले आणि तिसऱ्यांदा मुलांकडून तपासून घेतले. झाकण न लावताच मॉनिटर चालू केला. दोन सेकंद झाले, पाच झाले. मुले मोठ्याने मोजत होती. साठपर्यंत मोजून थांबली.

सगळेच साधले असे नाही. पाचांपैकी तीन चालू झाले. पाच क्रमांकाचा पडदाच तडकलेला निघाला, त्याची पुरवठ्याची पट्टी काढून बाराव्याला बसविली. पंधरा क्रमांकाच्या नळ्या जळाल्या आहेत. त्यांच्या जागी एलईडीची पट्टी बसविता येईल, असे तो म्हणतो. ते काम अजून व्हायचे आहे आणि मॉनिटर उघड्या पाठीने टेबलावर पडून आहे. सर्व सुट्या भागांचा खर्च तीनशे पंच्याऐंशी रुपये आला. त्याने मजुरी घेतली नाही. प्रवासखर्च घ्यावा म्हणून लिपिकांनी फार आग्रह केला, तोही नाही.

राहिला प्रश्न वाटपाचा. नवे चार आले, दुरुस्त तीन झाले. कोणते कोणाला? विनयातल्या क्रमाप्रमाणे थोरांनी आधी निवडायचे. आबांनी तो क्रम उलटा करायला सांगितला. आधी मुलांनी निवडावे, उरतील ते कार्यालयाने आणि शिक्षकांनी घ्यावेत. "फुटेपर्यंत," असे ते लिपिकांकडे पाहून म्हणाले, आणि त्या महिन्यात ते प्रथमच हसलेले आम्ही पाहिले. दहावीच्या मुलांनी अर्थातच नवे पडदे पटकावले. बॅटरीचा झोत टाकणाऱ्या त्या नववीतल्या मुलाची पाळी आली तेव्हा एक नवा शिल्लक होता. त्याने सात क्रमांक मागितला.

आबांना ते रुचले नाही. "अरे, नवा आहे की! नवा घे."

"नको आबा," तो म्हणाला. "ह्याचं काय बिघडतं ते मला ठाऊक आहे."

आबा काही बोलले नाहीत. नवा पडदा मग मुलींच्या विभागाकडे गेला.

माळ्यावरच्या सहा नळ्या खाली उतरविल्या आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांप्रमाणे त्या नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे गेल्या पाहिजेत. सहा नगांसाठी गाडी पाठविणे त्यांना परवडत नाही, म्हणून जवळच्या चार शाळांना पत्रे लिहिली आहेत. दोघांची उत्तरे आली. एका शाळेकडे अकरा नळ्या आहेत, दुसऱ्या शाळेने आपल्या गेल्याच वर्षी भंगारात दिल्या. हातगाडीवाल्या गृहस्थांनाही आम्ही सांगून ठेवले आहे की, तुमच्याकडे अशी नळी आली तर फोडू नका, येथे आणून द्या, तांब्याचे पैसे शाळा देईल. त्यांनी आजवर दोन आणून दिल्या. त्या पैशांचे प्रमाणक कोणत्या खर्चशीर्षाखाली दाखवायचे, हे लेखापरीक्षकांना विचारले आहे. सध्या त्या दोन नळ्या नोंदवहीत कोठेच नाहीत. खोक्यांवर मात्र मुलांनी खडूने लिहून ठेवले आहे : काच आहे, हात लावू नये.